केटी एकतीसची माणसं

किसणीला हे नाव तिच्या थोरल्या भावाने दिलं होतं, कारण लहानपणापासून ती समोरच्याच्या शब्दाचा कीस काढायची. "लवकर ये" म्हटलं की "लवकर म्हणजे कधी?" आणि "थोडं मीठ घाल" म्हटलं की "थोडं म्हणजे किती?" पुढे दादा शहरातल्या मोठ्या रुग्णालयात अँब्युलन्स चालवायला लागला, काही वर्षांनी तिलाही तिथल्याच संगणक विभागात नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत "ए किसणी" अशी हाक मारली. झालं. अधीक्षक सोडले तर सगळं रुग्णालय तिला त्याच नावाने ओळखू लागलं. तिनेही फारसं मनावर घेतलं नाही. नाव खोटं आहे असं तिला म्हणता येत नव्हतं.

तिचा विभाग तळघरात, धुलाईखात्याला लागून होता. भिंतीपलीकडे चादरी धुणारी यंत्रं दिवसभर घरघरायची, आणि ती भिंत हिवाळ्यातही कोमट असायची. वरच्या मजल्यांवर काय चाललंय ते इथे सहसा सगळ्यांत शेवटी कळायचं. म्हणून त्या सकाळी अधीक्षकांनी तिला तातडीने वर बोलावलं तेव्हा तिला वाटलं, कुणाचा तरी प्रिंटर अडकला असेल.

वर बैठकीच्या खोलीत मात्र सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीने कळवलं होतं की त्यांच्या एका तुकडीतल्या बॅटऱ्या सदोष निघाल्या आहेत. एरवी पेसमेकरची बॅटरी संपायला आली की यंत्र कितीतरी महिने आधी इशारा देतं. ही बॅटरी मुकाट्याने मान टाकत होती. छातीत बसवलेला तो छोटा डबा आज ठणठणीत चालू, उद्या बंद. तुकडीची खूण एवढीच, की डब्याचा नंबर 'केटी ३१'ने सुरू होतो आणि पुढे चार आकडे येतात.

"आपण असे किती बसवलेत?" अधीक्षकांनी विचारलं.

मागे जुनी संगणक प्रणाली बदलून नवी आणली तेव्हा जुन्या नोंदींमधला डब्याच्या नंबराचा रकाना वाटेतच गळून पडला होता. कंपनीकडे रुग्णांची नावं होती, पण जेमतेम अर्ध्यांची. बाकीच्यांचा नंबर असलाच तर एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे शस्त्रक्रिया झाल्यावर घाईघाईत टाइप केलेल्या वृत्तान्तात. असे वृत्तान्त ढिगाने होते, आणि प्रत्येकात पानभर मजकूर.

"सगळ्या पेसमेकरवाल्यांना बोलावून घ्या," मोठे सर्जन म्हणाले. त्यांच्या हाताला यश होतं आणि जिभेला धार.

"हजारो माणसं आहेत ती," अधीक्षक म्हणाले. "घाबरून एकदम दारात येतील. ज्याला खरी गरज तोच रांगेत मागे राहील. आणि बसून वाचून काढायचं म्हटलं तर कित्येक आठवडे जातील."

किसणी दाराजवळ उभी होती. तिला कुणी मत विचारलेलं नव्हतं. तिथे तिला एवढ्यासाठीच बोलावलं होतं, की तिने सगळे वृत्तान्त छापून द्यावेत.

"छापू नका," ती म्हणाली. "मी नमुना लिहून शोधते."

"नमुना म्हणजे?"

"सर, आपण एखादा शब्द शोधतो तेव्हा नेमका तोच शब्द सापडतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की हातचा गेला. मी शब्द देत नाही, शब्दाचं वर्णन देते. आधी के, मग टी, मध्ये मोकळी जागा असो नाहीतर आडवी रेघ, मग तीन, मग एक, मग कोणतेही चार आकडे. या वर्णनात बसेल ते सगळं संगणक उचलून देतो. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. आम्ही आपलं रेजेक्स म्हणतो."

मोठे सर्जन हसले. "बाई, माझे वृत्तान्त माझे मलाच लागत नाहीत. तुमच्या यंत्राला काय डोंबल कळणार?"

"त्याला कळायची गरज नाही सर. नुसतं ओळखता आलं की पुरे."

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजचा दिवस तुमचा," ते म्हणाले. "नाही जमलं तर उद्या जाहीर निवेदन काढतो. मग जे व्हायचं ते होईल."

खाली येऊन किसणीने खुर्ची ओढली आणि पहिला नमुना लिहिला. अर्ध्या ओळीचा, स्वच्छ, वहीत डकवावा असा देखणा. तो चालवला तर मूठभर वृत्तान्त हाती लागले. तिने वर फोन केला तेव्हा अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. "एवढेच? मग बरंच झालं."

"बरं नाही झालं सर," ती म्हणाली. "कंपनीने दिलेली नावं यात असायलाच हवी होती. त्यांतली निम्मीही नाहीत. म्हणजे माणसं आहेत, माझं वर्णन चुकतंय."

तिने कंपनीच्या नावांपैकी न सापडलेले वृत्तान्त एकेक उघडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. कुणी नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला होता, कुणी लहान. कुणी मध्ये तिरकी रेघ दिली होती, कुणी टिंब, कुणी दोन-दोन मोकळ्या जागा. एवढं तरी ठीक होतं. नमुन्यात चौकोनी कंस टाकून आत ही सगळी चिन्हं मांडली, म्हणजे 'यांतलं कोणतंही चालेल' असं झालं, आणि पुढे तारा लावला, म्हणजे 'कितीही वेळा चालेल, अजिबात नसलं तरी चालेल'. पण काही वृत्तान्त असे होते की डोळ्यांना नंबर साफ दिसतोय आणि नमुना त्यावरून हात न लावता पुढे जातोय. तिने तो नंबर मोठा करून पाहिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यातलं शून्य शून्य नव्हतंच. ते ओ हे अक्षर होतं.

वृत्तान्ताखाली ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांची सही होती. किसणी जिने चढून त्यांना गाठायला गेली. सिस्टर नुकत्याच एका शस्त्रक्रियेतून मोकळ्या होऊन बाकावर पाय सोडून बसल्या होत्या.

"सिस्टर, तुम्ही शून्याच्या जागी ओ का लिहिता?"

"आता नाही लिहीत. मध्यंतरी लिहायचे," सिस्टर म्हणाल्या. "थिएटरच्या कीबोर्डवर सलाइन सांडलं होतं. शून्याचं बटण चिकटून बसलं. नवा कीबोर्ड मागितला, तो यायला वर्ष लागलं. तोवर काय करणार? ओ दिसायला सारखाच."

"आणखी कुठली बटणं बिघडली होती?"

सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठल्या, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाल्या, "चल, तुझ्याबरोबर खालीच येते. मला दिसलं की आठवेल."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. सिस्टर वृत्तान्त वाचायच्या आणि त्या त्या दिवशीची परिस्थिती सांगायच्या. हा त्यांनी लिहिला, हा रात्रपाळीच्या मुलीने, ती एकाच्या जागी नेहमी लहान एल टाइप करायची. हा सर्जनांनी स्वतः लिहिला, म्हणून त्यात एकही पूर्णविराम नाही. किसणी ऐकत होती आणि नमुना लांबत चालला होता. शून्य किंवा ओ. एक किंवा एल किंवा आय. तीन मात्र तीनच, त्याला कुणी हात लावला नव्हता. काही वृत्तान्तांत केटी लिहायचा कंटाळा करून 'बॅच' या शब्दापुढे नुसतेच सहा आकडे दिले होते, म्हणून तिने केटीसुद्धा ऐच्छिक करून टाकलं.

आणि नमुना चालवला. पडद्यावर निकालांचा पूर लोटला.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या. "एवढे आपण केलेच नाहीत. एवढे जगात कुणी केले नसतील."

किसणीने वरचे काही उघडले आणि तिला हसू फुटलं. एकतीस तारखेला ज्याची ज्याची शस्त्रक्रिया झाली तो प्रत्येक माणूस जाळ्यात आला होता. दिवस, महिना, वर्ष मिळून आकडे होतात सहाच, आणि सुरुवात एकतीसने. पुढे एका वृत्तान्तात तर कुणाचा तरी टेलिफोन नंबरच त्यात बसला होता. तिने अट घट्ट केली. आधी केटी नाहीतर 'बॅच' हा शब्द हवाच, आणि सहा आकड्यांच्या मागेपुढे आणखी आकडा चिकटलेला नको. तारखा गळाल्या, टेलिफोन गळाला. आता कंपनीच्या नावांपैकी एकच माणूस नमुन्याला दाद देत नव्हता. त्याचा वृत्तान्त दोघींनी तीनदा वाचला. सगळं जागच्या जागी होतं. मग किसणीला दिसलं की केटी एका ओळीच्या शेवटी होतं आणि आकडे दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. मोकळ्या जागेच्या वर्णनात तिने नवी ओळही धरली, आणि तो गृहस्थ निमूटपणे यादीत येऊन बसला.

आता कंपनीने दिलेलं एकूण एक नाव सापडत होतं, आणि त्यांच्याबरोबर कंपनीला ठाऊकच नसलेली तितकीच माणसं. सिस्टरांनी खुर्चीला पाठ टेकली. "जिंकलीस की गं."

"अजून नाही," किसणी म्हणाली. "मला जे सुचलं ते मी शोधलं. जे सुचलंच नाही ते कसं शोधू?"

मग तिने प्रश्न उलटा करून विचारला. ज्या ज्या वृत्तान्तात पेसमेकर बसवल्याचा उल्लेख आहे ते सगळे एकीकडे घेतले. त्यांतून केटी एकतीसवाले बाजूला काढले. मग इतर तुकड्यांचे, इतर कंपन्यांचे नंबर ओळखू येतील तेही काढले. ज्यांच्यात पेसमेकर आहे पण ओळखीचा नंबरच नाही असे थोडे वृत्तान्त उरले. ढीग एवढा लहान होता की चहा निवायच्या आत वाचून व्हावा, म्हणून दोघींनी तो वाचायला घेतला.

त्यांतला एक वाचताना सिस्टर थांबल्या. बदलीवर आलेल्या कुठल्याशा टंकलेखकाने सर्जनांनी तोंडी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलं होतं. नंबर होता, पण आकड्यांत नाही. अक्षरी लिहिला होता, केटी थ्री वन आणि पुढचे चारही तसेच. त्या पानावर आकडा म्हणून कुठे नव्हताच. आकडे शोधणाऱ्या कुठल्याही नमुन्याने तो जन्मात पकडला नसता.

तोवर किसणीने पाठवलेल्या यादीवरून वर फोन सुरू झाले होते. अधीक्षकांनी कचेरीतल्या सगळ्यांना कामाला जुंपलं. एकेका रुग्णाला शांतपणे सांगायचं, घाबरू नका, आजच येऊन जा, तपासणी आहे. माणसं यायला लागली. कुणी मुलाच्या हाताला धरून, कुणी कामावरून परस्पर, एक आजोबा तर दाढीचा साबण एका गालावर तसाच ठेवून. ज्यांची बॅटरी खरोखर खाली गेली होती त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. मोठे सर्जन थिएटरमधून बाहेर येत, पुढचं नाव विचारत आणि परत आत जात. दुपार कलली तेव्हा यादीतल्या प्रत्येक नावापुढे खूण झाली होती. एक सोडून.

अक्षरी नंबरवाली बाई लागत नव्हती. टेलिफोन बंद. पत्त्यावर माणूस पाठवला तर तिथे इमारतच उरली नव्हती, खड्डा खणून ठेवलेला. अधीक्षक म्हणाले, "आपल्या परीने केलं. पोलिसांना कळवू."

किसणी खाली आली. तिने आता फक्त त्या एकीच्या नोंदी उघडल्या, आणि नुसत्या हृदयविभागाच्या नाही, सगळ्या. डोळ्यांच्या, हाडांच्या, दातांच्या. सगळा मजकूर एकत्र करून नमुना लावला, की राहते, काम करते, शिकवते, येते, जाते, यांपैकी एखादा शब्द असलेलं प्रत्येक वाक्य दाखव. पायरीवर घसरून गुडघा दुखावला म्हणून ती कधीतरी व्यायामोपचाराच्या खोलीत आली होती. तिथल्या माणसाने लिहून ठेवलं होतं: 'रुग्ण सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवते. पाण्यात उतरायला मनाई केली तरी ऐकत नाही.'

किसणी सिस्टरांना फोन करत धावतच आवारात गेली. दादा अँब्युलन्सच्या बोनेटला टेकून उभा होता.

"दादा, तलावावर चल. एक बाई आहे, तिचं यंत्र कधीही बंद पडेल."

"पाण्यात आहे?"

"असेलच."

दादाने दार उघडून चावी फिरवली. सिस्टर जीवरक्षक पेटी घेऊन मागे चढल्या, किसणी पुढे बसली, आणि रस्त्यावरच्या गाड्या दोन्ही बाजूंना सरत गेल्या. एका चौकात माल उतरवणारा ट्रक आडवा आला तेव्हा दादाने खिडकीतून मान काढून त्याच्या ड्रायव्हरचा असा उद्धार केला की ट्रक आपसूक मागे सरकला.

तलाव छपराखालचा होता. आत क्लोरिनचा वास, ओल्या फरशा आणि मुलांचा गलका. उथळ बाजूला गळ्यात शिट्टी अडकवलेली एक धिप्पाड बाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती आणि मुलांना ओळीने पाय मारायला लावत होती.

"बाई, जरा वर येता का?" सिस्टर म्हणाल्या. "आम्ही रुग्णालयाच्या हृदयविभागातून आलोय."

"तास संपला की येते."

"आत्ता या. तुमच्या पेसमेकरची बॅटरी सदोष आहे."

"मला काही झालेलं नाही. हल्ली थोडं गरगरतं, ते उकाड्याने."

किसणी बूट न काढता काठावर गुडघे टेकून बसली. "केव्हापासून गरगरतं?" तिने विचारलं. "बसल्यावर की उभं राहिल्यावर? आज किती वेळा?"

पोहायला शिकवणाऱ्या बाई बोटांवर मोजू लागल्या. मोजायला गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं असावं. "आज बऱ्याचदा," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलांकडे वळून शिट्टी फुंकली, सगळ्यांना काठावर चढवलं, शेवटचं पोर वर आल्याची खात्री केली आणि स्वतः शिडीला हात घातला. वरच्या पायरीवर त्यांचा हात सुटला. दादाने त्यांना काखेत धरून उचललं तेव्हा सिस्टरांची बोटं त्यांच्या मनगटावर होती आणि सिस्टरांचा चेहरा किसणीने कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"नाडी बुडतेय. चला."

अँब्युलन्समध्ये सिस्टरांनी त्यांची छाती कोरडी करून चिकटपट्ट्या लावल्या आणि पेटीचं बटण फिरवलं. यंत्र बाहेरून हृदयाला ठोके देऊ लागलं. पडद्यावरची सपाट होत चाललेली रेघ एकदा उसळली, पुन्हा उसळली, आणि मग ओळीने उसळत राहिली. बाईंनी डोळे उघडले. "माझी शिट्टी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे," किसणी म्हणाली, आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

रुग्णालयाच्या दारात मोठे सर्जन स्वतः उभे होते. त्यांनी स्ट्रेचरला हात लावला आणि धावतच आत नेलं. बाहेर आले ते टोपी काढत. कॉरिडॉरमध्ये अधीक्षक, कचेरीतले लोक, तपासायला आलेले नातेवाईक, सगळे उभे होते.

"नवं यंत्र बसलं," सर्जन म्हणाले. "जुनं बाहेर काढलं तेव्हा पूर्ण मेलेलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं." मग त्यांनी गर्दीत किसणीला शोधलं. "बाई, तुमच्या यंत्राने माझं लिखाण वाचलं. मला आज कळलं मी किती वाईट लिहितो."

"ते माझ्या यंत्राने नाही वाचलं सर," किसणी म्हणाली. "तेवढं एक आम्ही वाचलं." तिने सिस्टरांचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. सिस्टर लाजून पदराशी चाळा करायला लागल्या.

अधीक्षकांनी तिला बाजूला घेतलं. "इतर शहरांतल्या रुग्णालयांचे फोन येतायत. त्यांचीही हीच दाणादाण उडालीय. तुमची ती ओळ त्यांना देता येईल?"

किसणीने ती ओळ पाठवली. एकच ओळ, कंसांची, ताऱ्यांची आणि तिरक्या रेघांची, ज्याला येत नाही त्याला मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसेल अशी. खाली तिने प्रत्येक चिन्ह का आहे ते साध्या शब्दांत लिहिलं. तुमच्याकडे लोक नंबर कसा चुकवतात ते टाइप करणाऱ्यांना जाऊन विचारा, असंही लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की उरलेला ढीग डोळ्यांनी वाचल्याशिवाय उठू नका.

दुसऱ्या दिवशी उत्तरं यायला लागली. एका ठिकाणी आडव्या रेघेऐवजी स्वल्पविराम द्यायची पद्धत होती, त्यांनी तो कंसात घातला आणि त्यांची माणसं सापडली. दुसऱ्या ठिकाणी उरलेल्या ढिगातून एक शाळामास्तर निघाला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे निरोप आले. शेवटचा सर्वांत लांबच्या रुग्णालयाचा होता: 'आमचे सगळे मिळाले. सगळे ठीक आहेत.'

तिने तो निरोप अधीक्षकांना दाखवला, वॉर्डात जाऊन पोहणाऱ्या बाईंना वाचून दाखवला, आणि मग आवारात येऊन दादाला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. तिच्याकडे पाहिलं. मग तो गाडीत चढला आणि उभ्या गाडीचा सायरन त्याने पूर्ण जोरात लावला.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. अधीक्षकांनी खाली वाकून पाहिलं. आवारात विनाकारण सायरन वाजवायला सक्त मनाई होती आणि तो नियम त्यांनीच केला होता. त्यांनी क्षणभर भावंडांकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.